वाटीतलं तेल

हे मी कोणापाशी बोलले नाही. अकोल्याच्या माझ्या मायपाशी नाही, नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच. हिंमत वगैरे काही आलेली नाही.

मला फिट येतात. कॉलेजात होते तेव्हापासून. माय म्हणायची, चक्कर म्हण, मिरगी म्हणू नको, आणि अमरावतीला सासरी तर मुळीच नको. नवऱ्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं. तो समजूतदार निघाला. पण त्याच्या आईला कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. गोळ्या मी स्वयंपाकघरात हिंगाच्या जुन्या डबीत लपवायची. गोळीलाही हिंगाचा वास यायचा. हसू येतं ना? मलाही यायचं तेव्हा.

मुलगी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं — बाळाला पाजायचं ते खाली गादीवर बसून, कपडे बदलायचे तेही जमिनीवरच. गोळी चुकवायची नाही, जागरण करायचं नाही. आणि बाळाची आंघोळ? एकटीनं कधीच नाही. पाण्याजवळ दुसरं माणूस पाहिजे म्हणजे पाहिजेच. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

आंघोळीची तर मला काळजीच नव्हती. सासूबाई म्हणजे आमच्या गल्लीत बाळं न्हाऊ घालणारी बाई. न्हाणीत पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या, आणि किती का रडकं पोर असेना, त्यांच्या हाताखाली गप. घरोघरून बोलावणं यायचं. साडीसुद्धा घ्यायच्या नाहीत कोणाची. मान तेवढा घ्यायच्या, आणि तो त्यांना फार प्यारा होता.

मग मुलीचं उष्टावण आलं. घर पाहुण्यांनी भरलं, स्वयंपाकघरात सदा कोणीतरी. हिंगाची डबी काढू कशी? एक दिवस गोळी राहिली, मग दुसऱ्या दिवशीही. मुलगी रात्रभर किरकिर करायची, मीही जागी. पाहुणे निघाले त्या सकाळी सासूबाईंनी मुलीला तेल लावलं, आणि तेवढ्यात चांदूर रेल्वेच्या त्यांच्या बहिणीसाठी ऑटो दारात आला. मला म्हणाल्या, तू घाल पाणी, मी हिला फाटकापर्यंत सोडून येते.

नुसतं टॉवेलात गुंडाळून थांबायचं होतं. पण थांबले असते तर त्यांनी विचारलं असतं, काहून थांबली? — आणि खरं सांगू? मलाही हौस होती. माझी लेक एकदा तरी माझ्या पायांवर घ्यावी. मी पाटावर बसले. पहिला तांब्या ओतल्याचं आठवतं. पुढचं काही नाही.

भानावर आले तेव्हा मी भिंतीशी कलंडलेली, जीभ चावलेली, तेलाची वाटी उपडी. मुलगी सासूबाईंच्या हातात किंचाळत होती, आणि तिचा एक हात — तो तसा वळायला नको होता. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या,

"वाटी मीच मधात, पाटापाशी ठेवली, बाई. माह्या तेलानं घसरली तू."

आणि मी हो म्हटलं.

दवाखान्यात नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, फिट होती का? मी म्हटलं, नाही, तेल. त्यानं विश्वास ठेवला. का ठेवू नये?

मुलीचा हात जुळला. सासूबाईंनी मात्र पुन्हा कोणाचं बाळ पायांवर घेतलं नाही. बोलावणं आलं की म्हणायच्या, गुडघे दुखतात आता. कसले गुडघे हो! चिखलदऱ्याला गेलो तेव्हा सगळ्यांच्या पुढं चालत होत्या.

इथवर तुम्ही म्हणाल, भ्याली बिचारी. म्हणू नका. पुढं एकदा सगळ्यांसमोर, स्वयंपाकघरातच मला फिट आली. सासूबाईंनीच मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर घडी करून ठेवला, चप्पल हुंगवायला धावलेल्या शेजारणीला बाहेर घालवलं. मी शुद्धीवर आले तर माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. एवढंच म्हणाल्या, "काहून लपवलं वं माय?" त्या दिवसापासून माझी गोळी त्याच काढून देतात, पाण्याच्या पेल्यासकट. म्हणजे भ्यायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. मी पाणी प्यायले, पेला परत दिला, आणि न्हाणीतल्या त्या सकाळबद्दल तोंड उघडलं नाही. त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी कधी जुळल्या असतील का? मला नाही वाटत. दोष स्वतःच्या अंगावर घेतलेलं माणूस कशाला शोधत बसेल?

परवा जावेचं बाळ घरी आलं. तिनं हातापाया पडून विनवलं, आई, तुम्हीच न्हाऊ घाला. सासूबाई न्हाणीच्या दाराशी आल्या, वाकल्या, तेलाच्या वाटीकडे पाहिलं आणि मागं सरल्या. माझी मुलगी आता शाळेत जाते. ती तिथंच वेणी घालून घेत उभी होती. तिनं सहज विचारलं,

"आजी, मले तूच पाडलं होतं ना?"

"हो वं माय," सासूबाई म्हणाल्या. "माह्याच हातचं तेल."

मुलीची वेणी माझ्या हातात होती. मी रिबीन बांधली, आणि तिला म्हटलं, चल, शाळेला उशीर होतोय.