अटी लागू काका

कॅनडातल्या आमच्या व्हिटबीत जेवायचं आमंत्रणही तपासून घेणारा एकच माणूस होता. "रविवारी या हं काका," म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, "अटी लागू?" मग आपणच कबूल करायचं की जेवणाआधी मुलाचा पियानो ऐकावा लागेल. "आता कसं! येतो." नागपूरहून मुलाकडे राहायला आलेले हे गृहस्थ असे सगळ्यांचे अटी लागू काका झाले.

सकाळी चहाबरोबर ते दुकानांचे फ्लायर वाचत, तेही भिंग घेऊन. "जिथं 'फ्री' मोठं, तिथं बाकीची अक्षरं बारीक," हा त्यांचा सिद्धांत. ग्रोसरीत शेल्फवरच्या किमतीपेक्षा काउंटरवर जास्त लागली की ते मॅनेजरला बोलावत, आणि काकू मुकाट्याने किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसत. काका जिंकले की इथल्या दुकानांच्या नियमाप्रमाणे ती वस्तू फुकट मिळे. त्यांच्या घरी मोहरीच्या सॉसच्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या, आणि तो सॉस कुणीच खात नव्हतं.

दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकायला इथे कायद्याने बंदी आहे आणि तसा करार बादच ठरतो, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की मुलंसुद्धा "वी नो, आजोबा" म्हणून पळायची. फसलेल्यांची मात्र त्यांना दया नव्हती. डोळे असून वाचत नाहीत, त्यांना कोण काय करणार, असं ते फटकन म्हणत.

एका जानेवारीत त्यांच्याच दारावर फिल्टरवाली मुलगी आली. काका बाह्या सरसावून दार उघडतात, तोच उंबऱ्यावरची स्टिकरची रांगोळी बघून ती म्हणाली, "काका, मराठी का तुम्ही? थोडं पाणी भेटन काय?" झालं! पाणी आलं, चहा आला, चिवडा आला आणि शेवटी काकांची सहीही झाली. काकूंनी भिंग पुढे केलं तर म्हणाले, "लेकीला कोणी अटी विचारतं का?"

ती गेल्यावर त्यांनी करार वाचला. मशीन भाड्याचं होतं, आणि ते भाडं बहुधा नातवालाही भरत बसावं लागलं असतं. गुपचूप रद्द करून ते मोकळे झाले असते, पण त्यांना चैन पडेना. इतके दिवस इतरांना नावं ठेवली होती ना! संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी माइक मागून घेतला.

"मी फसलो," ते म्हणाले. "गावची बोली ऐकली अन् न वाचता सही केली."

आम्ही आधी हसलो. मग तिळगूळ घ्यायच्या निमित्ताने एकेक जण त्यांच्याजवळ जाऊन कुजबुजू लागला. कुणी फिल्टर घेतला होता, कुणी हीटर. "तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही काका," एक जण म्हणाला. काकांचा चेहरा पडला. फसण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं. नंतर आपल्या बेसमेंटमध्ये एकेकाला बसवून त्यांनी करार रद्द करायला लावले, चिवडा खाऊ घालून, आणि एका अक्षराने कुणाला न बोलता.

पुढे थंडी सोसेना म्हणून ते नागपूरला परतले. विमानतळावर मी म्हटलं, "परत या काका. अटी लागू?"

"एकच," ते म्हणाले. "फसलात की पहिला फोन मला."

गेल्या वर्षी काका गेले. परवा एका जिमने मला बारीक अक्षरांत चांगलंच गंडवलं, आणि रागाच्या भरात मी पहिला फोन नागपूरला लावला. घंटी वाजायला लागली तेव्हा कुठे आठवलं.