बोचकेशास्त्रींचं स्वतःचं सामान

माझ्या ताईचे यजमान सामान बांधतात. दुसऱ्यांचं. घर बदलणाऱ्यांकडे कंपनी त्यांना पाठवते. हे गृहस्थ सकाळी नऊला भरल्या घरात शिरतात आणि दुपारी तीनला त्याच घराची चाळीस खोकी करून बाहेर पडतात. एकोणीस वर्षं हेच चाललंय. मी त्यांना बोचकेशास्त्री म्हणते. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

शास्त्री उगाच नाही म्हणत. बशा आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या. शेवटच्या खोक्यावर 'आधी उघडा' असं लिहायचं आणि त्यात चहाचं भांडं, चहा-साखर, चार कप, एक बल्ब आणि टॉवेल टाकायचा, कारण नव्या घरात पहिल्या तासाला माणसाला एवढंच लागतं. सगळ्यात मोठा नियम म्हणजे सामान कुठून निघालं ते खोक्यावर लिहायचं नाही, कुठं जाणार ते लिहायचं. त्यासाठी ते गिऱ्हाइकाकडून नव्या घराचा नकाशा काढून घेतात आणि एकदा बघून पाठ करतात. "जुनं घर विसरायचं," असं ते हाताखालच्या माणसांना बजावतात. "जिन्यात उभं राहून 'हे कुठं ठेवू' विचारत बसलात, तर कंबर तुमची जाते आणि कपाट आपल्या नावावर फुटतं."

मंदी आली तेव्हा पहिलं वर्षभर त्यांना डोकं वर काढायला फुरसत नव्हती. मोठा कारखाना बंद पडला, माणसं कामाच्या शोधात निघाली आणि त्यांची घरं यांनीच बांधली. मग जाणारे जाऊन संपले. कंपनीने इथली शाखा बंद करायचं ठरवलं आणि भावोजींना कळवलं: मोठ्या शहरातल्या शाखेत या, राहायला एक खोली देऊ. नाहीतर नमस्कार.

नेमक्या त्याच महिन्यात मालकीणबाईंनी यांची भाड्याची जागा विकायला काढली. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीखाली बेकरी. मंदीत गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, त्यामुळे भाव इतका उतरला होता की तसा पुन्हा या जन्मी मिळाला नसता. "बारा वर्षं राहिलात, पहिला मान तुमचा," मालकीणबाई म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत थांबते."

त्यानंतर तीन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे, तिची नोकरी कायमची. ती म्हणायची, "माणसं आजारी पडायची थांबली का? चादरी रोज येतायत. हप्ता माझ्या पगारातून जाईल."

"आणि मी काय करू? बेकरीचा वास घेत बसू?"

मला असा राग यायचा! पण त्यांचंही कळत होतं. ज्याने एकोणीस वर्षांत ताप असतानाही रजा घेतली नाही, त्याला बायकोच्या जिवावर घर घेणं घशाखाली उतरेना. जबाबदार माणूस कामाच्या मागे जातो, हेच त्यांनी पाहिलं होतं. तशीच माणसं त्यांनी रोज बांधून पाठवली होती. मी म्हणाल तर स्वार्थी आहे. ताई दोन गल्ल्या सोडून राहते. ती गेली तर मी भांडायला कुणाकडे जाऊ? म्हणून या प्रकरणात मी मूग गिळून गप्प बसले, आणि हे मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

शेवटी भावोजी जाऊन ती खोली बघून आले. टेप लावून मापली, नकाशा काढला आणि फ्रिजवर चिकटवला. ताईने नकाशा बघितला आणि म्हणाली, "बरं. जाऊ." मालकीणबाईंना मात्र तिने काहीच कळवलं नाही. महिना संपायला दोन दिवस आहेत, म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, चार वाजता गाडी यायची होती. ताई सकाळपाळीला गेली होती, म्हणून मी मदतीला गेले. घर रिकामं, भिंतींवर फोटोंचे चौकोन, दाराशी खोकी रचलेली. मी मोजायला बसले आणि वाचता वाचता थांबले. 'बेकरीकडची खिडकी, उजवीकडे.' 'जिन्याच्या भिंतीचं कपाट, वरचा कप्पा.' 'पाखरूचा कोपरा, दप्तराची खुंटी.' पाखरू म्हणजे माझी नऊ वर्षांची भाची.

"भावोजी, तिकडेपण बेकरी आहे का हो?"

"कसली बेकरी?"

मी खोकं फिरवून दाखवलं. त्यांनी दुसरं फिरवलं, मग तिसरं. सगळ्या चोवीस खोक्यांवर याच घराचे पत्ते होते. त्यांनी खिशातला मार्कर काढला, 'बेकरीकडची खिडकी' खोडली आणि तसेच उभे राहिले.

"अहो, लिहा ना."

"खिडकी... नकाशा कुठाय?"

नकाशा फ्रिजवर होता आणि फ्रिज तीन पांघरुणांत दोरीने आवळलेला होता.

"कारखान्याच्या साहेबांच्या नव्या घराला किती पायऱ्या आहेत, आत्ता सांगतो," ते हळूच म्हणाले. "बावीस. आणि ही एक खोली मी स्वतः मापली, तर दार कुठल्या बाजूला उघडतं तेही आठवत नाही." आणि ते चक्क एका खोक्यावर बसले. खोक्यावर कुणी बसलं तर हेच ओरडतात. त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि मला एकही चेष्टा सुचली नाही.

तेवढ्यात ताई आली. तिने एकेक खोकं वाचलं. मला वाटलं, हसेल.

"चुकलंय कुठं?" ती म्हणाली. "सगळं बरोबर लिहिलंय."

भावोजींनी मार्करचं टोपण लावलं.

"माझा पगार तुम्हाला परक्याचा वाटतो का?"

"नाही गं."

"मग?"

तेव्हा त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. तीत सतरा नावं आणि फोन होते. इथल्या इथेच लहान घरात जाणारी माणसं. एवढ्याशा कामाला गाडी काढत नाही म्हणून कंपनीने परत पाठवलेली. "आज येणाऱ्या गाडीवाल्याचा स्वतःचा छोटा टेम्पो आहे. दोघं मिळून करता येईल, असं मनात होतं. बोललो नाही. नुसत्या आशेवर तुम्हाला कशाला बसवू?"

"माझ्या नोकरीवर बसवा," ताई म्हणाली. "आशेचं तुम्ही बघा."

मग दोघं तशीच खाली मालकीणबाईंकडे गेली, ताई अजून कामाच्या कपड्यांतच होती. मी 'आधी उघडा' उघडलं आणि चहाचं आधण ठेवलं. अर्ध्या तासाने दोघं वर आली तेव्हा ताईच्या हातात अजून कागद नव्हता, पण जिना ती धावत चढली होती.

चार वाजता खाली हॉर्न वाजला. भावोजींनी बेकरीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"किती खोकी?" गाडीवाला खालून ओरडला.

"चोवीस!"

"कुठं पोचवायची?"

"पोचली!" भावोजी ओरडले. "तू वर ये. चहा घे, टेम्पोचं बोलायचंय!"

कप चारच होते. चौथा मी त्याच्यासाठी भरला.