फोटोपुरतं दव

"हुंगा. हुंगा की साहेब! नाक कशाला मुरडताय? अकरा वर्षं माझ्या मागे लागला होता ना, काकू कळी कधी, काकू कळी कधी? ही घ्या कळी."

काकूंनी चिमटीत धरलेली कळी बागेच्या मोठ्या साहेबांच्या नाकाखाली नेली. तपकिरी, बुळबुळीत, दाबली की घाण पाणी सोडणारी. उंदीर मरून कपाटामागे चार दिवस पडावा तसा वास. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"शी! टेबलावर नको, कागद आहेत."

"कागदांना काय होतंय? सडायचं ते सडलं."

काकू या बागेत कुंड्या घासायला म्हणून लागल्या आणि पुढं काचघराच्याच होऊन बसल्या. सपातीच्या ऑर्किडची रोपं आली तेव्हा पाच होती. फुलाची खालची पाकळी फुगून पायातल्या सपातीच्या टोकासारखी होते, म्हणून ते नाव. चार रोपं शिकलेल्या माणसांकडं दिली. दोन वर्षांत चारही मेली. पाचवं, अंगठ्याएवढ्या दोन पानांचं, काकूंच्या पदरात टाकलं. हे तरी कशाला वाया घालवायचं, म्हणून.

त्या रोपापुढं खाष्ट सासू परवडली. नळाचं पाणी दिलं की मुळं काळी. ऊन लागलं की पान भाजतं, सावली जास्त झाली की रुसतं. काकूंनी त्याला चुनखडीचे खडे घातले, पावसाचं पाणी पिंपात साठवून पाजलं, थंडीत त्याच्या डोक्याशी खिडकी बोटभर उघडी ठेवली. आणि एक नेम कधी मोडला नाही. पाणी घातलं की कागदाची वात करायची आणि पानांच्या मधल्या बेचक्यातला थेंबन् थेंब टिपून घ्यायचा. तिथं पाणी राहिलं की झाड आतून कुजतं.

गंमत म्हणजे ते फूल काकूंना मुळीच आवडत नव्हतं. पुस्तकातलं चित्र बघूनच त्यांना मळमळायचं. पाकळ्यांवर केसाळ काळ्या चामखिळी, आणि ती फुगीर थैली चकचकीत, ओली दिसणारी, माश्यांना फसवून आत पाडणारी. "रुसलेल्या जावेचा खालचा ओठ," असं त्या म्हणायच्या. मग एवढा जीव का काढला? चौघा पदवीवाल्यांच्या हातून मेलेलं आपल्या हातून फुलतंय का, एवढंच त्यांना निवृत्तीच्या आत बघायचं होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

आणि कळी आली. हिरव्या म्यानातून टोक वर आलं तसं साहेबांनी निमंत्रणं छापायला टाकली आणि फोटोवाला बोलावला. तो छत्र्या, दिवे घेऊन आला. पंख्यानं छत्री हलायला लागली, तर काकूंनी पंखा बंद केला. खिडकी लावली. मग तो म्हणाला, "काकू, तुम्हीही उभ्या राहा ना शेजारी. आणि पानं कोरडी दिसताहेत हो. जरा दव असतं तर काय बहार आली असती!"

फवाऱ्याची बाटली काकूंच्याच कमरेला होती.

"मारू?"

"मारा की!"

काकूंनी मारलं. केस सारखे केले, हनुवटी वर केली आणि फुलाची आई असल्यागत हसल्या. फोटोवाल्यानं पडद्यावर फोटो दाखवला, तेव्हा दहा वर्षं तरुण दिसल्या. त्या तंद्रीत घरी गेल्या. पंखा बंद, खिडकी बंद, वात केलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर वास. एका फुटव्याला फूल एकदाच येतं, दुसरी संधी नाही. काकूंनी ब्लेड जाळावर धरलं, कुजलेला भाग खालपर्यंत कापला, जखमेवर दालचिनीची पूड दाबली. घरी तीनदा साबण लावला तरी बोटांचा वास जाईना. शिंपी असलेला नवरा म्हणाला, "कुणाचं प्रेत उपसून आलीस गं?" त्यांनी ताट सरकवलं आणि मोरीत जाऊन ओकल्या. वासानं नव्हे. डोळ्यापुढं स्वतःचीच ती वर केलेली हनुवटी आली म्हणून.

आता साहेबांनी कोरा कागद पुढं ओढला. "त्या फोटोवाल्यानं पाणी मारलं ना? तक्रार लिहितो. तुम्ही सही करा, विषय संपला."

काकू गप्प राहिल्या असत्या तर खरंच संपला असता.

"बाटली माझी, हात माझा. त्या पोराला काय कळतंय बेचक्यातलं? शेण मी खाल्लं, साहेब."

"असं लिहून दिलंत तर तुमच्या नावावर ठपका येईल."

"येऊ दे."

साहेबांनी कपाळ चोळलं. "आणि रविवारी पाहुणे येताहेत त्यांचं काय? असं करू, दुकानातून फुललेलं दुसरं रोप आणू. पाटी तीच ठेवू. त्यांना काय फरक कळतोय?"

ती सडकी कळीसुद्धा काकूंना एवढी घाण वाटली नव्हती. त्यांनी पोलक्यातून झाडाच्या नावाची बोटभर पाटी काढून दाखवली आणि परत आत सारली. "पाटी माझ्यापाशी आहे. काढून घ्यायची असेल तर घ्या."

साहेबांचे कान लाल झाले. "मग झाड तरी कशाला ठेवताय? खताच्या खड्ड्यात टाका."

"मुळाशी नवा फुटवा आहे. नखाएवढा."

"फुलायला किती वर्षं?"

"पाच. सहा म्हणा."

"तोवर तुम्ही कुठं असणार इथं?"

"घरी असेन. तेही जगले-वाचले तर. पुढं येईल त्याला वात कशी करायची ते दाखवून जाईन. शिकला तर शिकला, नाहीतर मारेल तोही."

काकूंनी कळी निमंत्रणाच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि बाहेर पडल्या. काचघरात निवडुंगाच्या खाचांत पिठ्या ढेकूण माजले होते, कापूस चिकटल्यागत पांढरे. जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून त्यांनी एकेकाला घासून चिरडायला घेतलं. पिवळा चिकट रस बोटांवर येत होता. "मेले," म्हणत त्यांनी कुंडी फिरवली.