निम्मे अंदाज चुकले तेव्हा

पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारबाईंना सगळे ताई म्हणत. नोकरीच्या दहाव्या वर्षी त्यांनी एक उद्योग केला. वर्षभर प्रत्येक जबाब घेताना, माणूस खरा वाटतो की खोटा, याची खूण वहीत करून ठेवली. पुढे निकाल लागत गेले तसं पडताळून पाहिलं, तर निम्मे अंदाज साफ चुकलेले. "नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं!" म्हणत त्या स्वतःलाच हसल्या. त्या दिवसापासून त्यांनी चेहरे वाचणं सोडलं.

परवा वाद्यांच्या दुकानातून एक महागडं व्हायोलिन चोरीला गेलं. पहारेकरी समोर बसला तो घामाघूम. नजर जमिनीत, बोलताना त त प प. ठाण्यातले नवे साहेब कुजबुजले, "चोराच्या मनात चांदणं. हाच तो!"

ताई म्हणाल्या, "साहेब, वर्दी बघून माझ्या सख्ख्या भावालाही घाम फुटतो. त्याने काय चोरलंय?"

दुकानाचा मॅनेजर मात्र डोळ्याला डोळा भिडवून पोपटासारखा बोलला. साडेसहाला व्हायोलिन कपाटात ठेवलं, सातला निघालो, सात-दहाची बस धरली.

ताईंनी दोघांना आळीपाळीने आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "आता उलटं सांगा. घरी पोचलात तिथून मागे मागे या."

पहारेकरी अडखळला, "नाही, चुकलो, आधी दिवा घालवला..." असं स्वतःलाच दुरुस्त करत शेवटी रडकुंडीला आला. "दुकान बंद झालं की मी तिथलं जुनं, तडा गेलेलं व्हायोलिन वाजवतो. शिकतोय. मालकांना सांगू नका हो!"

ताईंनी शेजारच्या शिंप्याला विचारलं. त्याने कानांत बोटं घातली. "खरंय बाई. रोज सात ते आठ. भोगतोय मी!"

मॅनेजरला मात्र बसमध्ये शिरल्यावर कुठे बसला तेही सांगता येईना. ताईंनी आगारात फोन लावला. त्या संध्याकाळी सात-दहाची बस बंद पडली होती, सुटलीच नव्हती. हे ऐकवल्यावर मॅनेजरने चोरी कबूल केली, आणि दुपारपर्यंत व्हायोलिन त्याच्या मेहुण्याच्या माळ्यावर सापडलं.

"ही विद्या मलाही शिकवा," साहेब म्हणाले.

"विद्या कसली? मध्ये तोंड घालायचं नाही, आणि ऐकलेलं तपासून बघायचं."

मालकाने पहारेकऱ्याला रागवायचं सोडून ते जुनं व्हायोलिनच देऊन टाकलं. अट एकच, शिंपी घरी गेल्यावर वाजवायचं. तेव्हापासून शिंपी ठरल्या वेळेच्या आधीच कुलूप लावून पळतो.