मामाचं सपाट जपान

जपान कसं आहे, असं कोणी विचारलं की मामा एका शब्दात उत्तर द्यायचा, "सपाट." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. त्याला बुलेट ट्रेनबद्दल ऐकायचं असायचं, रोबोंबद्दल ऐकायचं असायचं. पण ऐन चाळिशीत काचबिंदूने मामाची दृष्टी गेली होती. तेव्हापासून कुठलंही गाव त्याला कळायचं ते पायांनी आणि पांढऱ्या काठीने.

त्याची मुलगी मुग्धा ओसाकात नोकरी करते. ती त्याला दोनदा तिकडे घेऊन गेली आणि वाटेत सोल, तैपेईही दाखवलं. म्हणजे चालवलं. एरवी तो पुण्यात, धायरीला आमच्याकडेच राहायचा. तिथे माझे ऑफिसातले मित्र जमले की वाद ठरलेला. "कोरिया सगळ्यात फ्युचरिस्टिक." "छे, चीन! तिथे ड्रोन जेवण आणून देतो." "जपान आउटडेटेड झालंय रे, अजून फॅक्स वापरतात." मामा शांतपणे चहा संपवायचा आणि म्हणायचा, "फॅक्स वापरतात, पण फुटपाथ सांभाळतात. तुम्ही काय सांभाळता?"

सोलवर त्याचा राग होता. "कॉफी मागायला गेलो तर दुकानात माणूसच नाही. गुळगुळीत काच. तिच्यावर बोट फिरवून दमलो. फार पुढारलेलं शहर आहे, डोळसांपुरतं." तैपेईच्या मेट्रोत एक मुलगी त्याला हात धरून डब्यापर्यंत सोडायला आली, याचं त्याला अपार कौतुक. "पण रस्त्यावर आलो तर दर दुकानाचा ओटा वेगळ्या उंचीचा. घरी आल्यासारखं वाटलं."

ओसाकात मात्र पिवळ्या फरश्या होत्या. लांब रेघा पायाला लागल्या की चालायचं, गोल टिंबं लागली की थांबायचं. एका सकाळी मुग्धा झोपलेली असताना तो एकटा बेकरीत जाऊन पाव घेऊन आला. लोक लग्नाची गोष्ट सांगतात तशी तो ही रंगवून सांगायचा. "आंधळा झाल्यापासून पहिल्यांदा मी एकटा कुठेतरी गेलो रे," एवढं म्हणताना मात्र त्याचा आवाज बदलायचा.

आणि गेल्या वर्षी आमच्या रस्त्याला नवा फुटपाथ झाला, त्यावर पिवळ्या फरश्या! मामाने चप्पल काढून तळव्याने रेघा चाचपल्या. "उद्या दाढीला मी एकटा जाणार. कोणी मागे यायचं नाही." कोणीही गेलं नाही. तो ताठ मानेने निघाला, रेघांवर विश्वास ठेवून, आणि त्या रेघांनी त्याला सरळ विजेच्या डीपीवर नेऊन आदळलं. कपाळ फुटलं. ती लोखंडी पेटी काही रातोरात उगवली नव्हती. कोणीतरी डोळे उघडे ठेवून तिच्या पायापर्यंत फरश्या बसवल्या होत्या आणि पलीकडून पुन्हा सुरू केल्या होत्या.

टाके घातलेल्या मामाला घेऊन मी महापालिकेच्या कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "काम प्लॅनप्रमाणे झालेलं आहे. आणि काका, तुम्ही एकटे फिरता कशाला? सोबत कोणाला तरी घ्यायचं ना." मी टेबलावर हात आपटला, तोंडाला येईल ते बोललो. आजही त्याचं मला वाईट वाटत नाही. आयुष्यात कोणाला उत्तर दिल्याशिवाय न राहिलेला मामा मात्र मान खाली घालून बसला होता, जणू चूक त्याचीच होती.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. दिवाळीत मुग्धा आली आणि त्याला कायमचं घेऊन गेली. ज्याला कोथरूडला राहायला जाणंही जिवावर यायचं, तो सत्तरीत देश सोडून गेला. डीपी आहे तिथेच आहे. रेघाही तशाच आहेत, पिवळ्याधमक.

परवा मी त्याला फोन केला. मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"मामा, बाहेर आहेस? बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. सिग्नल सुटला, ठेव आता."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण फोन ठेवल्यावर मला संताप आला. गल्लीच्या टोकापर्यंत एकट्याने जाता यावं, एवढ्यासाठी माझ्या मामाला पुणं सोडावं लागलं.