वाचलेली पुस्तकं

उज्ज्वलाताई पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा मला वाटलं, आणखी एक आली. आमच्या शाळेला संस्थावाल्यांचा कधी तोटा नाही. पेठच्या पुढे घाट उतरला की पाड्यावर पहिली ते चौथीची दोनशिक्षकी शाळा, एवढं म्हटलं की शहरातल्या माणसाला कळवळा येतोच. कुणी येऊन हात धुवायला शिकवतं, कुणी झाड लावून फोटो काढून जातं. झाडाला पाणी आम्ही घालायचं. मी या शाळेतली दुसरी शिक्षिका. पहिले म्हणजे मुख्याध्यापक, कारभारी सर. मला राग पटकन येतो आणि सरांना येतच नाही, म्हणून शाळेचं बरं चाललंय.

ताई टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून आली, मागे एक पत्र्याचं कपाट आणि पुस्तकांचे खोके. चाळिशीची, ठेंगणी, अंगात पंजाबी ड्रेस आणि पायात मुलाचे जुने बूट. बुटांना नाड्या नव्हत्या. सिन्नरची बाई. नवरा एमआयडीसीत, मुलगा पुण्याला शिकायला, आणि ही घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायची. नाशिकच्या कुठल्याशा संस्थेनं तिला वर्षभरासाठी नेमलं होतं. आमच्या भागातल्या पाच शाळांमध्ये लहान मुलांची ग्रंथालयं चालवायची, रोज एक शाळा. आमच्या वाट्याला गुरुवार आला.

"वर्ष संपलं की चांगली राहिलेली पुस्तकं पुढच्या तालुक्यातल्या शाळेला जातील," ती म्हणाली. "फाटकीतुटकी तुम्हालाच."

"म्हणजे नेहमीसारखंच," मी म्हटलं.

ती हसली नाही. मलाही विनोद करायचा नव्हता.

सरांनी पुस्तकं डेडस्टॉकच्या रजिस्टरला लावली. शाळेत जी वस्तू येते ती त्यात नोंदवायची असते. खुर्ची, फळा, घमेलं, आता गोष्टींची पुस्तकं. मग कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात आतून सेफ्टीपिनेनं अडकवली. यामागे इतिहास आहे. आधीच्या शाळेत सरांच्या ताब्यातला पृथ्वीचा गोल हरवला होता आणि त्याची चौकशी सरांची बदली होईपर्यंत चालली. तेव्हापासून सर जगातल्या कुठल्याच वस्तूला डोळ्याआड होऊ देत नाहीत.

गुरुवारी सर कुलूप काढायचे, ताई पुस्तक घ्यायची, मुलांमध्ये मांडी घालून वाचायची, आणि सर तिथंच खुर्ची टाकून चष्मा पुसत बसायचे. वाचून झालं की पुस्तक आत, कुलूप बंद. ताईचं वाचन ऐकण्यासारखं होतं असं काही नाही. तिचा वाघ आणि तिची शेळी एकाच आवाजात बोलायचे. पण मुलं सरकत सरकत तिच्या मांडीपर्यंत यायची. सगळ्यात जास्त मागणी होती एसटीत बसलेल्या शेळीच्या गोष्टीला. शेळी एसटीत चढते, कंडक्टर तिकीट मागतो, शेळी म्हणते मला सगळ्या गावांना जायचंय. गाडी गावागावातून जाते आणि शेवटच्या स्टॉपवर शेळी सीटवर झोपी जाते. मग डेपोतले लोक तिला तिथंच ठेवून घेतात. इथं गोष्ट संपते. तिसरीतली मैना दर वेळी विचारायची, "मंग ती घरी कधी गेली?" ताई म्हणायची, "पुस्तकात नाहीये ते."

"सर, ग्रंथालय म्हणजे पुस्तक घरी जातं," ताई दर गुरुवारी म्हणायची.

"घरी गेलं की चुलीत जातं," सर म्हणायचे.

एकदा डबा खाताना मी तिला विचारलं की तुझं एवढं काय अडलंय. पगार मिळतो, गोष्ट वाच आणि घरी जा. ती म्हणाली, "आमच्या घरी पुस्तक नव्हतंच, मॅडम. किराणावाल्याच्या पुडीवर जे छापलेलं असायचं ते मी वाचायचे. गोष्ट रंगात आली की पुडी संपायची. एकाही गोष्टीचा शेवट मला मिळाला नाही. अजून राग येतो." मग तिनं माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं. राग आलेला माणूस मला आवडतो, त्यामुळे त्या दिवसापासून माझं तिच्याशी जमलं.

जुलैत आमच्याकडे पाऊस पडत नाही, कोसळतो. पत्रे गळायला लागले. एका बुधवारी रात्रभर झोडपलं आणि सकाळी येऊन बघतो तर कपाटावरच धार लागलेली. सरांनी आपली ताडपत्री त्यावर टाकली, सगळी पुस्तकं बाहेर काढली, माझ्या ओढणीनं एकेक पुसली आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली. ओढणी माझी होती हे मी पुन्हा सांगते. त्याच दिवशी संस्थेच्या रविराज साहेबांचा सरांना मेसेज आला. हे रविराज नाशिकला ऑफिसात बसतात आणि आकडे गोळा करतात. मेसेज होता, "सर, आतापर्यंत किती पुस्तकं वाचली?"

सर पाण्याच्या टाकीजवळ गेले, कारण रेंज तिथंच येते, आणि उत्तर पाठवलं, "सर्वच्या सर्व वाचली. देवाची कृपा."

संध्याकाळपर्यंत आमची शाळा संस्थेच्या ग्रुपवर पहिली आली होती. दीड महिन्यात सगळं कपाट वाचून काढणारी मुलं. टाळ्या, फुलं, हात जोडलेले. त्यात देवाची कृपा कशाला, असा प्रश्न रविराज साहेबांना पडला नाही. सर म्हणाले, "बघा, पुस्तकं जपली की कौतुक होतं."

मला हसू आवरेना. ताईला मात्र घाम फुटला. गप्प बसली असती तर वर्षभर कुणी काही विचारलं नसतं. पण ही बाई खोटं पचवूच शकत नाही. तिनं टाकीजवळ जाऊन साहेबांना फोन लावला. "साहेब, ती वाचली म्हणजे भिजली नाहीत. मुलांच्या हातात एकही गेलेलं नाही." मग ते म्हणाले, असंच राहिलं तर एप्रिलमध्ये कपाट भरलेलंच उचलावं लागेल, नव्यासारखं आहे तर दुसरीकडे उपयोगी पडेल. ग्रुपवरची फुलं तशीच राहिली, ती कुणी परत मागत नाही.

आता ताईच्या जिवाला घोर लागला. पुस्तकं घरी गेली नाहीत तर एप्रिलमध्ये सगळी जाणार, आणि पाड्यावरच्या पोरांच्या हाताला पुन्हा एक पान लागणार नाही. ती सरांना दर गुरुवारी किल्ली मागायची आणि सर "बघू" म्हणायचे. सर "बघू" म्हणाले की समजायचं, बघून झालेलं आहे.

दिवाळीनंतर आमची शाळा निम्मी होते. माणसं टोळी करून निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात ती शिमग्याला परततात, आणि पोरं काय घरी ठेवणार, ती पण जातात. बुधा भोये आणि त्याची बायको ठमाबाई शाळेत आले. अंगणात पिकअप उभी होती, भांडी, गोधड्या, माणसं भरलेली. मैनाला न्यायला आले होते.

ताई सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "हिच्याबरोबर पुस्तक द्या."

"पुस्तक स्थलांतर करणार?" सर म्हणाले.

"पोरगी करते तर पुस्तक का नको?"

सर चष्मा पुसत राहिले. पिकअपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मग सरांनी सेफ्टीपिन काढली, कुलूप उघडलं आणि शेळीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीसकट मैनाच्या हातात ठेवलं. "एक देतो," ते ताईला म्हणाले. "हे एक वाचलं, तर किल्ली तुमच्या हातात. नाही वाचलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"चालेल," ताई म्हणाली. "मॅडम साक्षीला आहेत."

हिवाळाभर मागे राहिलेल्या पोरांना घेऊन आम्ही शाळा चालवली. ताई यायची, वाचायची, आणि जाताना न चुकता विचारायची, निफाडकडून काही कळलं का. काय कळणार? शेळीचं पुस्तक कसं आहे असं फोन करून कोण सांगतं? एकदा मी वैतागून म्हटलं की सरांनी तुला पद्धतशीर गुंडाळलंय, बांधावरच्या झोपडीत कागद टिकतो का. ती म्हणाली, "माहितीये." तेव्हा तिचा चेहरा बघून मला माझाच राग आला आणि मी चहा टाकला.

शिमग्याला टोळ्या परत आल्या. गुरुवार होता. मैना दारात उभी राहिली, हातापायांनी लांब झालेली, उन्हानं रापलेली. सर खुर्चीवरून उठले. "मैना, पुस्तक वाचलं का?"

"वाचलं की," मैना म्हणाली आणि फ्रॉकच्या आतून काढून टेबलावर ठेवलं.

मुखपृष्ठ नव्हतं. पानं द्राक्षाच्या रसानं एकमेकांना धरून होती, कडा कुरतडलेल्या, मध्ये एका पानावर फवारणीच्या औषधाचा निळा डाग. सर त्याच्याकडे बघत राहिले.

"हे वाचलं?"

"समद्यांनी वाचलं. म्हंजे मी वाचलं, समद्यांनी आयकलं. माझ्या आयला लय आवडलं."

"शेवटचं पान कुठंय?"

"शेळीनं खाल्लं."

"कुठल्या शेळीनं?"

"मालकाच्या."

सर ताईकडे वळले. "मी विचारलं काय आणि ही सांगते काय. वाचलं म्हणजे टिकलं, असं म्हणालो होतो मी."

"म्हणाला होतात वाचलं," मी म्हटलं. मी साक्षीला होते. "जुलैत पण तुम्ही हाच शब्द वापरला होता, तेव्हा फुलं घेतलीत."

सर खाली बसले आणि मैनाला म्हणाले, "वाच."

मैनानं वाचलं. न अडखळता, जिथं पान चिकटलं होतं तिथं सुद्धा. कंडक्टरचा आवाज वेगळा, शेळीचा वेगळा, म्हणजे ताईपेक्षा चांगलं. पानं संपली तरी ती थांबली नाही. रिकाम्या जागेवर बोट फिरवत वाचत राहिली. शेळी शेवटच्या स्टॉपवर उतरली, तिनं सगळी गावं बघितली, मग ती कंडक्टरला म्हणाली, आता मला घरी सोड, शिमगा आलाय आणि माझी शाळा बुडतीय. कंडक्टरनं गाडी वळवली.

सरांनी विचारलं, "ताई, पुस्तकात असंच आहे?"

जुलैत जिला एवढंसं खोटं पचलं नव्हतं, ती बाई सरांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "असंच आहे, सर."

सरांनी सेफ्टीपिन काढली. बोटाला टोचली. किल्ली ताईच्या हातात दिली आणि हजेरी घ्यायला गेले. हजेरी सकाळीच झाली होती.

त्यानंतर एप्रिलपर्यंत कपाट उघडं राहिलं. पुस्तकं घरोघरी गेली, एकमेकांकडे गेली, एक तर विहिरीवर सापडलं. ताई फॉल-पिकोच्या दोऱ्यानं पानं शिवत बसायची आणि फाटकं पुस्तक हातात आलं की तिचा चेहरा खुलायचा. सर बघायचे आणि पाणी प्यायला जायचे.

मग रविराज साहेबांचा फोन आला. टेंपो येतोय, चांगली पुस्तकं कपाटात भरून द्या, सटाण्याकडच्या शाळेला जातील. त्यांनी विचारलं, "किती वाचली, सर?"

सर टाकीजवळ उभे होते. त्यांनी शाळेकडे बघितलं, मग म्हणाले, "साहेब, खरं सांगतो. एकही वाचलं नाही."

साहेबांनी ताईला फोन द्यायला सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "सर म्हणतात ते बरोबर आहे. पोरांनी एकही वाचू दिलं नाही." पलीकडे हळहळ झाली. मग नुसतं कपाट द्या, असं ठरलं.

टेंपोवाल्यानं कपाट एकट्यानं उचललं. "यात काही नव्हतंच का?" तो म्हणाला. ताई पायरीवर बूट घालत होती. सटाण्याच्या शाळाही आता तिच्याकडेच होत्या. सर आतून शेळीचं पुस्तक घेऊन आले. दोऱ्यानं शिवलेलं, निळ्या डागाचं, शेवटचं पान नसलेलं.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "हे एकच वाचलंय. नियमाप्रमाणे पुढच्या शाळेला."

ताईनं ते हातात घेतलं. "तिथल्या पोरांना शेवट काय सांगू, सर?"

"मैनाचाच सांगा," सर म्हणाले. "तुमचा डेपोतला मी जूनपासून ऐकतोय. मला कधीच आवडला नव्हता."

ताई बुटाकडे वाकली ती बराच वेळ वाकूनच राहिली. नाड्या नव्हत्या त्या बुटाला. मी टेंपोवाल्याला सांगितलं, थांब जरा, ताई नाडी बांधतायत.