वामनच्या नावाचे पेले

दुपारचे जेवण आटोपून मी कामाच्या टेबलाजवळ आरामखुर्चीत टेकलो आहे. समोर स्टीलचे एकवीस पेले आहेत. रविवारी धाकटा भाऊ वामन याच्या वर्षश्राद्धाला ते वाटायचे आहेत. पेल्यावर मार्किंग पेपर बुडबुडा न ठेवता चिकटवायचा, त्यावरून लेझर फिरवायचा, मग कागद धुऊन टाकायचा. खाली काळी अक्षरे पक्की बसलेली असतात. काच, फरशीचा तुकडा, चिनी मातीची बशी, सर्वांवर चाचण्या घेऊन प्रत्येकाची शक्ती आणि वेग मी वहीत नोंदवले आहेत. पेल्यांवर 'कै. वामन रघुनाथ तांबट यांच्या स्मरणार्थ', आणि खालच्या ओळीत माझे नाव. यंत्र बंद आहे. पापण्या मिटतात, तरी त्याचा पंखा ऐकू येत राहतो.

वामन टेबलापलीकडे उभा राहून पेला उजेडात फिरवतो आहे.

"खाली कुणाचं नाव रे, दादा?"

"देणाऱ्याचं. पद्धत आहे तशी."

"आणि पुढे डी. एम. ई.! माझ्या मरणाला तुझा डिप्लोमा जोडलास?"

"अक्षरं तर बघ, वामन. एका रेषेत आहेत."

"तुझी असणारच."

टेबल लांबत जाते. आता ते मंगल कार्यालयाच्या कोठीतले आहे आणि त्यावर माझ्या केतकीच्या लग्नाची एक्कावन्न भांडी मांडली आहेत. वामनने आयुष्यभर भांड्यांच्या दुकानात हातयंत्राने नावे घातली. पुतणीच्या भांड्यांवरही महिनाभर बसून त्यानेच घातली होती. मला 'की' किंचित उतरता दिसला. त्याला न सांगता मी सगळी नावे घासून काढली आणि दुसरीकडून नवी घालून घेतली. ते त्याला इथे, या कोठीत कळले. तो न जेवता निघून गेला आणि बारा वर्षे माझ्या घरी आला नाही.

"सांगितलं असतंस तर मीच पुन्हा घातली असती," तो म्हणतो.

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटलं नाही का?"

कोठीच्या भिंती काळ्या पडतात. आम्ही पॉलिशच्या कारखान्यात आहोत.

"माझी अक्षरं खोल होती. सहजी गेली नसतील. घासताना तू इथे उभा होतास?"

"होतो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग आताही हलू नकोस."

तो चाकाचे बटण दाबतो.

"वामन, मी हे तुझ्यासाठी केलंय. घे रे एवढं."

"तुझ्या हातचं माझं नाव मला नको."

तो पेला चाकाला टेकवतो. मी त्याचे मनगट धरायला जातो. ते इतके तापलेले आहे की माझा हात आपोआप सुटतो.

"अहो, चहा निवतोय," पत्नी स्वयंपाकघरातून हाक मारते. "सगळे पेले झाले ना? रविवारी घाई नको."

मी ताठ बसतो. वीस पेले रांगेत आहेत. एकविसावा माझ्या मांडीवर आहे, कोमट. त्यावर 'कै.' आहे, 'यांच्या स्मरणार्थ' आहे, खाली माझे नाव पदविकेसह शाबूत आहे. मधली बोटभर जागा आरशासारखी घासलेली आहे. मी पेला डोळ्यांजवळ नेतो. 'कै.'च्या पुढे माझाच चेहरा दिसतो.